लाळेची साक्ष कोठवर ग्राह्य?

लस टोचून घेतल्यावर ती अंगी लागली की नाही, हे रक्ताचा थेंबही न काढता केवळ तोंडातील लाळ तपासून सांगता येते; सबब बालकाला गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा देण्यापूर्वी त्याची लाळ तपासावी, तीत प्रतिपिंडे आढळली तर त्याला सुईच्या यातनेतून मोकळे करावे आणि न आढळली तरच टोचावे, असे प्रतिपादन सुशिक्षित मंडळींच्या तोंडून हल्ली ऐकू येते, आणि ते जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांच्या ठिकाणीही ऐकू येते. हे प्रतिपादन करणारे लोक लसीचे वैरी नव्हेत, ही गोष्ट प्रारंभीच नमूद करणे न्यायाचे होईल. त्यांत मुलांच्या काळजीने व्याकुळ झालेले माता-पिता आहेत, विज्ञानाची आवड असलेले शिक्षक आहेत, आणि सरकारी हुकमाने सरसकट टोचण्यापेक्षा आधी शहानिशा करून मग टोचणे अधिक शास्त्रीय, असे प्रामाणिकपणे मानणारे काही वैद्यकव्यावसायिकही आहेत. परंतु प्रामाणिक माणसाने मांडलेला चुकीचा विचार अप्रामाणिक माणसाच्या विचारापेक्षा दूरवर पोचतो, आणि त्याचा परिणाम शहरातल्या सुखवस्तू घरावर न होता चोपडा, यावल, शिरपूर आणि साक्री तालुक्यांच्या पाड्यांवर होण्याचा संभव असतो. म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर करणे मला अवश्य वाटते.

प्रथम या पक्षाची बाजू तिच्या सर्वांत बळकट स्वरूपात मांडतो, कारण दुबळी करून मांडलेली बाजू खोडण्यात काही अर्थ नाही. गोवराची पहिली मात्रा बालकाला नऊ महिने पुरे झाल्यावर दिली जाते. त्या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडे काही बालकांच्या अंगात अद्याप शिल्लक असतात आणि ती लसीला आपले कार्य करू देत नाहीत. त्यामुळे या मात्रेने शंभरांतील सुमारे 85 बालकेच सुरक्षित होतात आणि पंधरांच्या बाबतीत ती वाया जाते. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाणारी दुसरी मात्रा मुख्यतः या पंधरांसाठी आहे. मग प्रतिपक्ष विचारतो की, पंधरांसाठी शंभरांना का टोचता? कोण पंधरा आहेत ते शोधा आणि त्यांनाच टोचा. शोधण्यासाठी रक्त काढावे लागत होते तोवर हे कठीण होते. आता लाळ पुरेशी आहे, वेदना नाही, भय नाही, कुशल हाताची गरज नाही. युक्तिवाद सुसंगत आहे, आणि ऐकणाऱ्याच्या मनाला तत्काळ पटतो. तो कोठे चुकतो हे पाहण्यासाठी लाळ म्हणजे काय, येथून आरंभ करावा लागेल.

तोंडात जी लाळ असते ती एकजिनसी नसते. तिचा बहुतेक भाग लाळेच्या ग्रंथींतून स्रवतो, आणि त्यात जी प्रतिपिंडे विपुल असतात ती आयजीए जातीची, म्हणजे त्या ग्रंथींतच तयार होऊन तोंडाच्या व घशाच्या अस्तराचे रक्षण करणारी असतात. दंडात टोचलेल्या लसीने रक्तात जी प्रतिपिंडे प्रामुख्याने निर्माण होतात ती आयजीजी जातीची होत. ती लाळेत येतात कोठून? दात आणि हिरडी यांच्यामध्ये जी सूक्ष्म खाच असते तीतून रक्तातील द्रव अहोरात्र किंचित झिरपत असतो, त्या झिरप्याबरोबर ती तोंडात उतरतात आणि ग्रंथींच्या स्रावात मिसळून विरळ होतात; इतकी विरळ की रक्तातील प्रमाणाच्या साधारण हजाराव्या भागाच्या आसपासच ती उरतात. म्हणून ही तपासणी जेथे गंभीरपणे केली जाते तेथे नळीत थुंकायला सांगत नाहीत. लहान दांडीच्या टोकाला बसवलेला स्पंज हिरडीच्या कडेकडेने, वरच्या आणि खालच्या दातांच्या ओळीवरून, दात घासावेत तसा मिनिटभर सावकाश फिरवतात, तो ओला जड झाला म्हणजे नळीत बंद करतात, आणि पुढे प्रयोगशाळेत त्यातून द्रव वेगळा काढतात. स्पंज हिरडीवरून नीट फिरला तर झिरपा हाती लागतो. मूल रडले, जीभ मध्ये आली, अथवा घाईने स्पंज गालावरच टेकवला गेला, तर हाती येते ती निव्वळ लाळ. एकाच बालकाच्या एकाच दिवशीच्या दोन नमुन्यांत अशाने अंतर पडू शकते, आणि त्या बालकाची प्रतिकारशक्ती मात्र तसूभरही बदललेली नसते.

ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1926 च्या अखेरीस देह ठेवला आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी जेथे संशोधन मंडळ उभे राहिले, त्या गावच्या वाचकांना साक्षीपुराव्याची प्रतवारी समजावून सांगण्याचे कारण नाही. अस्सल पत्र ज्या घटनेच्या वेळी लिहिले गेले तिचा ते प्रत्यक्ष साक्षीदार असते. बखर त्याच घटनेची वार्ता दुसऱ्याच्या मुखातून, कालांतराने आणि इतर गोष्टींत मिसळून सांगते. लाळ ही रक्ताची बखर आहे. बखर खोटी असतेच असे नाही, आणि एखाद्या कालखंडाचा एकंदर रागरंग जाणण्यास ती उपयोगीही पडते. परंतु अमुक इसम अमुक तारखेस अमुक ठिकाणी हजर होता की नव्हता, याचा निवाडा एकट्या बखरीवर कोणी करीत नाही. प्रतिपक्ष नेमका हाच निवाडा लाळेकडून मागतो.

येथे एका गैरसमजाचा खुलासा केला पाहिजे, कारण वादात तो पुन्हापुन्हा पुढे येतो. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, कोरोनाच्या काळात मिठाच्या पाण्याने गुळण्या करून नमुना घेण्याची पद्धत शोधून काढली आणि मे 2021 मध्ये तिला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची मान्यता मिळाली. मराठी माणसाला सार्थ अभिमान वाटावा असे ते कार्य होते. ‘नागपूरला जमले ते जळगावला का जमू नये?’ असा प्रश्न त्यावरून केला जातो. परंतु त्या गुळण्यांत शोधायचा होता तो विषाणू, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, जे अत्यल्प असले तरी आरटी-पीसीआर यंत्रात लक्षावधी पटींनी वाढवून पाहता येते. प्रतिपिंडे अशी वाढवता येत नाहीत. जेवढी नमुन्यात आली तेवढ्यांवरच भागवावे लागते. गुळणीच्या पाण्याने ती आधीच विरळ झालेली असताना आणखी विरळ होतील. शत्रू गावात शिरला आहे काय, हा एक प्रश्न. गावाची तटबंदी किती उंच आहे, हा निराळाच प्रश्न. पहिल्याचे यश दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत तर आमच्या मुलखाची एक वेगळीच अडचण आहे. खानदेशात तंबाखू-चुना मळून तोंडात धरण्याची सवय शेतमजुरापासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत पसरलेली आहे. मिश्री लावणाऱ्या बायका खेड्यांत आहेत. आणि 2012 साली राज्यात गुटख्याची विक्री बंद झाल्यानंतरही त्याच्या पुड्या पानटपरीपासून दूर गेलेल्या नाहीत. या सवयींनी हिरड्या सुजतात. सुजलेल्या हिरडीतून रक्तद्रवाचा झिरपा अधिक होतो, क्वचित रक्तही येते, आणि मग लाळेतील प्रतिपिंडांचे माप फुगते. याच्या उलट, सुपारीच्या अतिरेकाने ज्याच्या तोंडाचे अस्तर ताठरले आहे आणि ज्याला दोन बोटांएवढेही तोंड उघडता येत नाही, त्याच्या हिरड्यांवरून स्पंज फिरवणार तरी कसा? आणखी उन्हाळा. वैशाखात भुसावळचा पारा 45 अंशांच्या वर जातो; घामाने शरीरातले पाणी कमी झाले की लाळ आटते, जी राहते ती दाट असते, आणि त्यातील आयजीएचे प्रमाण स्रावाच्या वेगाबरोबर खालीवर होते. नमुना थंड ठेवला नाही तर लाळेतील पाचक द्रव्ये आणि जंतू प्रतिपिंडांची नासाडी करतात. या दोषांवर उपाय नाहीत असे मी म्हणत नाही. एकूण आयजीजी मोजून त्याच्याशी तुलना करणे, नमुन्यात संरक्षक द्रव्य घालणे, शीतपेटी बाळगणे, हे उपाय आहेत आणि जाणकार ते करतात. परंतु हे सर्व करीत बसल्यावर ‘कुशल हाताची गरज नाही, खर्च नाही’ हा जो या चाचणीचा मुख्य गुण सांगितला होता, तो कोठे राहिला?

आता क्षणभर असे धरू की, लाळेचे सर्व दोष दूर झाले आणि ती रक्ताइतकीच विश्वसनीय ठरली. तरीही प्रतिपक्षाचे काम भागत नाही, कारण रक्तातील प्रतिपिंडांचे माप म्हणजेच प्रतिकारशक्ती, हे समीकरणच मुळात अपुरे आहे. हिपॅटायटिस बी, धनुर्वात, पिसाळ रोग अशा काही रोगांच्या बाबतीत रक्तातील अमुक पातळीच्या वर माणूस सुरक्षित मानावा, अशी मर्यादा अनेक वर्षांच्या अनुभवाने ठरली आहे. हिपॅटायटिस बीसाठी ती प्रति मिलिलिटर 10 मिलि-एकके, पिसाळ रोगासाठी 0.5 एकक. या मर्यादा रक्ताच्या आहेत. लाळेसाठी अशी सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही. त्यातही हिपॅटायटिस बीची पूर्ण लस घेतलेल्या निरोगी माणसाची पातळी काही वर्षांनी त्या रेषेखाली उतरली तरी त्याचे संरक्षण बहुधा टिकून असते, कारण शरीरातील स्मृतिपेशी रोगाची ओळख विसरलेल्या नसतात आणि प्रसंग येताच नवी प्रतिपिंडे उभी करतात. स्मृतिपेशी ना लाळेत दिसतात ना साध्या रक्ततपासणीत. क्षयावरील बीसीजी लसीचे यश प्रतिपिंडांनी मोजताच येत नाही. पोलिओच्या बाबतीत तोंडाने दिलेल्या थेंबांनी आतड्यात जे संरक्षण निर्माण होते ते टोचलेल्या लसीने तितके होत नाही, आणि टोचलेल्या लसीने रक्तातील प्रतिपिंडे मात्र उत्तम येतात. नुसते रक्त पाहणारा माणूस आतड्याविषयी फसेल. लस, रोग आणि मोजण्याची जागा या तिन्हींचा मेळ बसला तरच मोजणीला अर्थ येतो. नाकावाटे द्यायच्या कोरोना लसीसारख्या लसींत, जेथे नाका-घशाच्या अस्तरावरील आयजीएच अपेक्षित असते, तेथे लाळ पाहणे रक्त पाहण्याहून अधिक सयुक्तिक ठरेल, हेही याच न्यायाने मान्य करावे लागते.

या बाबतीतला 2021 चा अनुभव फार जुना झालेला नाही. 16 जानेवारीला देशात कोरोनाची लस सुरू झाली आणि उन्हाळ्यापर्यंत शहरोशहरी खाजगी प्रयोगशाळांत ‘अँटिबॉडी टेस्ट’ करून घेण्याची लाट आली. कोविशील्डने शरीराला ओळख करून दिली जाते ती विषाणूच्या केवळ काटेरी प्रथिनाची. ज्या चाचणीत विषाणूच्या गाभ्यातील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधली जात, ती चाचणी कोविशील्ड घेतलेल्या आणि कधीच आजारी न पडलेल्या माणसाला ‘नकारार्थी’ ठरवी, आणि तो बिचारा आपली लस बाटलीतले पाणी होती काय, या शंकेने हवालदिल होई. लस खरी होती, चाचणीही खरी होती. प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारला गेला होता. याउलट ज्याच्या कागदावर चार आकडी संख्या छापून आली, त्याने मुखपट्टी खुंटीला टांगली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला 19 मे 2021 रोजी जाहीर सूचना काढावी लागली की, लस घेतल्यानंतरची प्रतिकारशक्ती अजमावण्यासाठी या चाचण्यांचा अवलंब करू नये. ही सूचना रक्ताच्या चाचण्यांविषयी होती. जे रक्ताला नाकारले गेले ते लाळेला द्यावे, असे म्हणणाऱ्यावर सिद्धतेचा भार दुप्पट येतो.

प्रतिपक्ष म्हणेल, कोरोनाचे सोडा, गोवराचे बोला. गोवराच्या बाबतीत प्रतिपिंडे आणि संरक्षण यांचा संबंध बराच निश्चित आहे. ठीक, गोवराचेच बोलू, आणि हिशेब मांडू. एखाद्या गटातील 200 बालके घ्या, सर्वांना पहिली मात्रा मिळालेली. वर सांगितलेल्या प्रमाणाने त्यांतील 170 सुरक्षित आहेत आणि 30 असुरक्षित. चाचणी अशी धरू की, सुरक्षित बालकाला ती शंभरांत नव्वद वेळा सुरक्षित म्हणते आणि असुरक्षिताला शंभरांत नव्वद वेळा असुरक्षित. हे आकडे गृहीत आहेत, पण चाचणीविषयी उदार होऊनच धरले आहेत. कारण प्रत्यक्ष गोवर येऊन गेल्यावर जितकी प्रतिपिंडे राहतात त्याहून लसीने येणारी प्रतिपिंडे कमी असतात आणि म्हणून लाळेत ती हुकण्याचा संभव अधिक असतो. आता 170 पैकी 153 बालकांना ‘आहे’ असे उत्तर मिळेल आणि 17 सुरक्षित बालकांना ‘नाही’ असे. 30 असुरक्षितांपैकी 27 बालकांना ‘नाही’ मिळेल आणि तिघांना ‘आहे’. म्हणजे ‘नाही’ ठरलेल्या 44 जणांत 17 जण उगाच धास्तावले, आणि ‘आहे’ ठरलेल्या 156 जणांत तिघे बालक सुरक्षिततेचा लेखी दाखला घेऊन उघड्यावर राहिले. पहिली चूक निरुपद्रवी आहे, कारण सुरक्षित बालकाला दुसरी मात्रा दिल्याने त्याचे काही बिघडत नाही. दुसरी चूक निरुपद्रवी नाही. लोकांत संरक्षण नसेल तर गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो. शिवाय ते तिघे कोण, हे कोणालाही ठाऊक नसते. दाखला हाती असल्यामुळे त्यांच्या आई-बापांना तर मुळीच नसते. न टोचलेले मूल आशाताईच्या यादीत ‘बाकी’ म्हणून तरी राहते आणि ती पुढच्या महिन्यात पुन्हा दारात येते. दाखला मिळालेल्या मुलाचे नाव यादीतून गळते.

आता त्याच 200 बालकांकडे निराळ्या दृष्टीने पाहा. ‘आहे’ उत्तरे आली 156, म्हणजे शेकडा 78. चाचणी कोणत्या बाजूला किती चुकते हे ज्याला आधीच माहीत आहे, तो साध्या गणिताने या 78 वरून मूळचे 85 अचूक काढू शकतो. आणि बालके जितकी अधिक घ्यावीत तितका हा अंदाज पक्का होतो. म्हणजे जी चाचणी वीस बालकांमागे दोघांविषयी खोटे बोलली, तीच गावाविषयी खरे बोलली. या चाचणीविषयी मला जे म्हणायचे आहे त्याचे सार या हिशेबात आहे. लाळेची साक्ष समुदायाविषयी ग्राह्य आहे; एका बालकाविषयी ती ग्राह्य धरून त्याची मात्रा रोखणे हा गुन्हा नसला तरी घोर बेजबाबदारपणा आहे.

आणखी एक गोष्ट प्रतिपक्षाच्या लक्षात आलेली दिसत नाही. ही लस एकट्या गोवराची नाही. महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 पासून नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी मोहीम निघाली ती गोवर आणि रुबेला या दोहोंसाठी. रुबेला मुलाला फारसा त्रास देत नाही. तो गर्भवतीला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांची हानी करतो. ग्रामीण इथिओपियात लाळ आणि रक्त शेजारी शेजारी ठेवून केलेला जो अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला, त्यात गोवराच्या बाबतीत दोहोंचा मेळ चांगला बसला, रुबेलाच्या बाबतीत बेताचा आणि हिपॅटायटिस बीच्या बाबतीत निराशाजनक. गोवराचे ‘आहे’ पाहून सुई मागे घेतली, तर आजच्या मुलीच्या उद्याच्या बाळाचा विचार कोणी केला?

गणिताबाहेरचे कारण याहून भारी आहे. लसीकरण सत्राचा दिवस ज्याने उपकेंद्रात बसून पाहिला आहे त्याला ते सांगावे लागणार नाही. सिस्टर शीतपेटीतून गोवर-रुबेलाची कुपी काढतात, सोबतच्या द्रवात लस मिसळतात, लेबलावर वेळ लिहितात, आणि तेथून चार तासांत ती कुपी संपली नाही तर उरलेली लस टाकून द्यावी लागते. समोर बाया बसलेल्या असतात. कोणी दोन-तीन कोसांवरून चालत आलेली, कोणी मजुरीचा दिवस मोडून आलेली. या बाईला प्रतिपक्ष सांगणार की, आज फक्त लाळ देऊन जा, ती जिल्ह्याला जाईल, निकाल आल्यावर पुन्हा ये. ती पुन्हा येईल तेव्हा दिवाळी होऊन गेलेली असेल; साक्री आणि शिरपूरकडची कुटुंबे कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला निघून गेलेली असतील, झोपडीच्या दाराला काटेरी फांदी लावलेली असेल, आणि तिचे मूल बारडोलीकडच्या एखाद्या फडाच्या कडेला राज्याच्या दप्तराबाहेर वाढत असेल. चाचणीने ज्यांना ‘नाही’ म्हटले त्या 44 जणांपैकी किती जण सुईपर्यंत परत पोचतील? लस द्यायची ती मूल समोर असतानाच द्यायची. सातपुड्याच्या पाड्यावर दुसरी खेप हा नियम नसून अपवाद असतो.

आणि धोका काल्पनिक आहे असे कोणी समजू नये. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला, भिवंडीत आणि मालेगावात गोवराचा उद्रेक झाला. बालके दगावली, आणि आजारी पडलेल्यांत न टोचलेल्या बालकांचा भरणा मोठा होता. मालेगाव धुळ्यापासून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि दोन्ही गावांच्या यंत्रमागांवरील कामगारांचे सोयरसंबंध एकमेकांत गुंतलेले आहेत. हा रोग थोपवायचा तर शंभरांतील किमान 95 बालकांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. अशा वेळी दुसऱ्या मात्रेच्या दारावर चाचणीचा नवा पहारा बसवणे म्हणजे ज्या दाराने आत यायला लोक मुळातच कचरतात ते दार आणखी अरुंद करणे होय.

माझ्या या प्रतिवादाचा फायदा दुसऱ्याच एका पक्षाने घेऊ नये, एवढ्यासाठी त्यालाही दोन शब्द. ‘थुंकी ती थुंकी, तिच्यात काय पाहायचे’ असे म्हणून लाळेची चाचणी हसण्यावारी नेणारे काही डॉक्टर आहेत. त्यांचेही म्हणणे मला मान्य नाही. इंग्लंडात 1994 पासून गोवराच्या संशयित रोग्याच्या हिरड्यांवरील द्रवाचा नमुना घेतला जातो, त्याची नळी टपालाने घरी जाते आणि टपालानेच प्रयोगशाळेत पोचते. रोगावर देखरेख ठेवण्याची त्या देशाची व्यवस्था बऱ्याच अंशी या नळीवर उभी आहे. एचआयव्हीची हिरड्यांवरून होणारी झटपट चाचणी अमेरिकेत 2004 पासून मान्य आहे. आणि खुद्द जळगाव जिल्ह्याला सर्वेक्षणाचे मोल कळायला हवे. मे 2020 मध्ये आयुर्विज्ञान परिषदेने देशातील 70 जिल्ह्यांत कोरोनाच्या प्रतिपिंडांची पहिली पाहणी केली, तेव्हा महाराष्ट्रातील बीड, परभणी, नांदेड, सांगली आणि अहमदनगर यांच्याबरोबर सहावा जिल्हा जळगाव होता. दर जिल्ह्यात दहा ठिकाणे निवडून प्रत्येक ठिकाणी चाळीस प्रौढांच्या दंडातून रक्त घेतले गेले, आणि देशभरच्या 28,000 माणसांच्या रक्तावरून असे अनुमान निघाले की, शंभरांत एकालाही अद्याप संसर्ग झालेला नाही. नेमका आकडा 0.73 टक्के. पुढे 2021 च्या जून-जुलैमधील चौथ्या पाहणीत तोच आकडा 67.6 टक्क्यांवर गेला. या दोन आकड्यांनी देशाला जे सांगितले ते कोणत्याही एका जळगावकराच्या अहवालाने सांगितले नसते, आणि त्या जळगावकराला वैयक्तिक अभय देणे हा त्या पाहणीचा हेतूही नव्हता. त्या वेळी टाळेबंदीच्या भीतीत अनोळखी माणसाला दंड पुढे करण्यास किती घरे राजी झाली नसतील, याची कल्पना करता येते. लाळेचा स्पंज असता तर ती दारे अधिक सहज उघडली असती. भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेलच्या तपासणीसाठी रक्त आधीच घेतले जाते. दर नव्या खात्याने नवी सुई घेऊन जाण्यापेक्षा जेथे स्पंजावर भागते तेथे स्पंज न्यावा, हे मी आनंदाने मान्य करतो.

राहिला शेवटचा आक्षेप, की माझ्या शरीरात काय चालले आहे हे जाणण्याचा मला हक्क आहे. हक्क निर्विवाद आहे. पण ज्या कागदावरचा आकडा हिरडीच्या सुजेने चढतो, उन्हाने हलतो आणि रोगागणिक अर्थ बदलतो, तो कागद मिळाल्याने ज्ञान वाढले असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. आणि स्वतःच्या शरीराविषयीचा हक्क बजावताना मूल हे आपले शरीर नव्हे, याचाही विसर पडू नये.

तेव्हा माझी मागणी स्पष्ट आहे. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी यावल व धुळे येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांच्या साहाय्याने आश्रमशाळांतील मुला-मुलींची पाहणी हाती घ्यावी. पालकांच्या संमतीने काही मुलांचे रक्त आणि लाळ दोन्ही घेऊन आमच्या मुलखात, आमच्या हवेत आणि आमच्या तोंडांत ही चाचणी कोणत्या बाजूला किती चुकते, हे प्रथम निश्चित करावे. मग उरलेल्यांची केवळ लाळ घेऊन कोणत्या तालुक्यात, कोणत्या पाड्यांत संरक्षण कमी पडते याचा नकाशा करावा, आणि त्या पाड्यांत शीतपेट्या घेऊन पुन्हा जावे. या पाहणीचा निकाल गावाच्या नावे जाहीर व्हावा; कोणत्याही मुलाच्या हाती ‘सुरक्षित’ असा दाखला पडू नये, आणि त्यावरून कोणाचीही मात्रा रोखली जाऊ नये. खाजगी प्रयोगशाळांनी लसीनंतरच्या लाळेच्या चाचणीची जाहिरात करू नये, आणि करतील त्यांना आरोग्य खात्याने जाब विचारावा.

ज्यांच्या घरी दीड-दोन वर्षांचे मूल आहे त्या माता-पित्यांना विनंती इतकीच की, माता-बाल संरक्षण कार्ड आजच काढून पाहा. गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या मात्रेचा रकाना कोरा असेल, तर लाळ, रक्त, काहीही न तपासता मुलाला जवळच्या उपकेंद्रात न्या. तारीख उलटून गेली असली तरी वयाच्या पाच वर्षांपर्यंत ती मात्रा तेथे विनामूल्य मिळते.